बी.ई.च्या प्रोजेक्टमध्ये बग रिपोर्टला जागा द्या: संगणक विभागप्रमुखांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या संगणक आणि माहिती तंत्रज्ञान विभागांचे प्रमुख, प्रोजेक्ट समन्वयक आणि गाईड

आदरणीय सर, मॅडम,

अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये एक नवा प्रकार मान्य करावा, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहितो आहे. विद्यार्थ्यांच्या एखाद्या गटाने डेबियनसारख्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिममधलं एक पॅकेज, म्हणजे तिच्यातलं एखादं सॉफ्टवेअर, वर्षभर सांभाळलं, त्यातले जुने बग, म्हणजे चुका, तपासले, नवे नीट नोंदवले, जमतील ते दुरुस्त केले, तर ते काम पूर्ण प्रोजेक्ट म्हणून धरलं जावं. नवं ॲप बनवणाऱ्या गटाला जे गुण मिळतात, ते मिळवण्याची संधी या गटालाही असावी.

मी पुण्यात नोकरी करतो आणि डेबियनमधली काही लहान पॅकेजेस सांभाळायला हातभार लावतो. अधूनमधून एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, म्हणून तोंडी परीक्षा घ्यायला जातो. समोर येणारी मुलं हुशार असतात, मेहनत करतात, त्यांचा डेमो चालतोही. पण विषय तेच ते: हजेरीची प्रणाली, ग्रंथालयाची प्रणाली, रुग्णालयाच्या अपॉइंटमेंट्स. परीक्षा झाली की ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा छापील अहवाल, कपाटात जातं आणि तो कोड पुन्हा कोणी उघडत नाही. तो कधी कोणी वापरलेलाच नसतो, त्यामुळे त्यात काय मोडतं हे त्या मुलांना कळायची वेळच येत नाही. आणि नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या हातात काय पडतं? दहा वर्षांपूर्वी दुसऱ्याने लिहिलेला कोड आणि एक तक्रार. दुसऱ्याचा कोड वाचणं, तक्रार समजून घेणं आणि ती दुसऱ्याला समजेल अशी मांडणं, हे चार वर्षांत कुठेच शिकवलं जात नाही.

डेबियनच का, हे सांगतो. १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयन मर्डॉकने डेबियनची घोषणा केली, तेव्हा तो अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकत होता. आज तुमच्या प्रयोगशाळांमधलं उबुंटू डेबियनवर उभं आहे, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरची सिस्टिम डेबियनवर उभी आहे, सी-डॅकचं बॉस लिनक्सही डेबियनवरच बेतलेलं आहे. पायथन आणि नोडच्या अधिकृत डॉकर इमेज, म्हणजे सगळं आधीच बसवून दिलेल्या तयार पेट्या, त्यासुद्धा सहसा डेबियनवरच बेतलेल्या असतात. म्हणजे तुमचा प्रत्येक विद्यार्थी, त्याला माहीत असो वा नसो, रोज डेबियन वापरतो. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३ मध्ये, म्हणजे ‘ट्रिक्सी’मध्ये, ६९,००० हून अधिक पॅकेजेस आहेत. ती सांभाळणारे अधिकृत डेव्हलपर जगभरात मिळून साधारण हजारभर. मदतनीस आणखी पुष्कळ आहेत, पण बहुतेकांना या कामाचा पगार मिळत नाही. कर्नल किंवा कंपायलरसारख्या मोठ्या पॅकेजेसना टीम असते. शेकडो लहान लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात ते कोडचे संच, मात्र एकेका माणसाच्या भरवशावर चालतात.

अशा माणसाला मूल झालं, तो आजारी पडला किंवा नोकरीतून वेळ उरेनासा झाला, तर तो तसं जाहीर करतो. त्यासाठी डेबियनमध्ये उघड नोंदी असतात. मदत हवी असेल तर एक प्रकारची, पॅकेज दुसऱ्याकडे सोपवायचं असेल तर दुसरी, आणि पॅकेजला कोणीच वाली उरला नसेल तर तिसरी. ही यादी कोणालाही वाचता येते. तुमचे प्रोजेक्टचे विषय तिथे तयार आहेत, आणि प्रत्येक विषयाला खरे वापरकर्ते आहेत.

आता बग रिपोर्टबद्दल थोडं सविस्तर, कारण ‘तक्रार लिहिण्याला कसले गुण’ हा प्रश्न मला सगळ्यात आधी विचारला जातो.

डेबियनमध्ये ‘रिपोर्टबग’ नावाचं साधन आहे. ते पॅकेजची आवृत्ती, ते ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या पॅकेजेसच्या आवृत्त्या, कर्नल, भाषेची सेटिंग्ज हे सगळं आपोआप भरतं. माणसाने लिहायचं ते वेगळं: मी नेमकं काय केलं, काय घडायला हवं होतं आणि काय घडलं. दिसायला तीन वाक्यं, पण ती लिहिण्याआधी पुष्कळ काम करावं लागतं. हाच बग कोणी आधी नोंदवला आहे का, हे शोधायचं. अनस्टेबल, म्हणजे अजून चाचणीत असलेल्या शाखेतल्या नव्या आवृत्तीत तो अजून आहे का, हे तपासायचं. चूक मूळ प्रकल्पाची, म्हणजे अपस्ट्रीमची आहे, की डेबियनने लावलेल्या एखाद्या पॅचमुळे, म्हणजे कोडमधल्या छोट्या बदलामुळे, ती आली आहे, हे ठरवायचं. पाचशे ओळींच्या फाइलवर प्रोग्रॅम कोसळत असेल, तर ती फाइल कापत कापत पाच ओळींवर आणायची, तरीही तो कोसळला पाहिजे. डेबियनचं स्नॅपशॉट नावाचं संग्रहालय आहे, तिथे जुन्या पॅकेजेसच्या आवृत्त्या तारखांप्रमाणे जपलेल्या असतात. त्या एकेक चढवून बग कोणत्या आवृत्तीत शिरला हे पकडता येतं.

मग गांभीर्य ठरवायचं. ‘क्रिटिकल’पासून ‘विशलिस्ट’पर्यंत सात पायऱ्या आहेत. वरच्या तीन पायऱ्यांवरचा बग असेल तर पॅकेज पुढच्या स्टेबल, म्हणजे सगळ्यांसाठीच्या पक्क्या आवृत्तीतून बाहेर राहू शकतं. त्यामुळे ‘माझं काम अडलं’ आणि ‘सगळ्यांचा डेटा नष्ट होतो’ यांतला फरक प्रामाणिकपणे करावा लागतो. स्वतःच्या अडचणीचं वजन इतरांच्या तुलनेत मोजणं मला इंजिनिअरच्या घडणीत फार मोलाचं वाटतं, आणि कोणत्याही लेखी परीक्षेत ते तपासता येत नाही.

हे सगळं ई-मेलवर आणि उघड्यावर चालतं. १९९७ च्या डेबियनच्या सामाजिक करारात अडचणी लपवणार नाही असं वचन आहे, आणि ते पाळलं जातं. प्रत्येक बगला क्रमांक मिळतो, त्यावरचा सगळा पत्रव्यवहार कायम वाचता येतो. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये या क्रमांकांनी दहा लाखांचा आकडा गाठला.

एका चांगल्या रिपोर्टने काय साधतं याचं ठळक उदाहरण २९ मार्च २०२४ चं आहे. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा आणि मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणारा इंजिनिअर. तो डेबियनच्या अनस्टेबल शाखेवर कामगिरीच्या चाचण्या घेत होता. एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या संगणकात दुरून शिरण्याच्या पद्धतीने, लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे आणि त्या प्रक्रिया प्रोसेसर नको तितका खात आहेत, हे त्याच्या लक्षात आलं. काही आठवडे आधी व्हालग्राइंड या तपासणी साधनाने दिलेल्या विचित्र इशाऱ्यांचीही त्याला आठवण झाली. त्या दोन धाग्यांवरून तो एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या लायब्ररीपर्यंत पोहोचला, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी मुद्दाम लपवलेलं चोरदार (बॅकडोर) त्याला सापडलं. त्याने सार्वजनिक ई-मेल यादीवर पाठवलेला तो अहवाल तुमच्या वर्गात वाचून दाखवण्यासारखा आहे. मोजलेल्या वेळा, चोरदार कोणत्या अटींवर कामाला लागतं याची यादी, मूळ कोडच्या साठ्यात नसलेली पण प्रकाशित टारबॉलमध्ये, म्हणजे लोकांना दिलेल्या कोडच्या गठ्ठ्यात, असलेली ओळ, आणि आपण सुरक्षा संशोधक नाही ही स्पष्ट कबुली. स्वतःला काय माहीत आहे आणि काय नाही, दोन्ही त्यात लिहिलेलं आहे. डेबियनच्या स्टेबल आवृत्तीपर्यंत ते चोरदार पोहोचलं नाही, कारण नवी पॅकेजेस आधी अनस्टेबल आणि टेस्टिंगमध्ये मुरतात आणि तिथे ती वापरून पाहणारी माणसं असतात.

याच घटनेची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांना सांगायला हवी. एक्सझेड कितीतरी वर्षं एकटा लासे कॉलिन सांभाळत होता, आणि हा आपला बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे असं त्याने २०२२ मध्ये जाहीरपणे लिहिलं होतं. त्याच सुमारास काही अनोळखी खात्यांनी त्याच्यावर दबाव आणला: काम फार हळू चालतं, दुसऱ्याला अधिकार द्या. तो दुसरा, ‘जिया टॅन’ या नावाने वावरणारा, दोन वर्षांहून अधिक काळ खरोखर उपयोगी पॅच देत राहिला आणि विश्वास कमावून अधिकार मिळवून बसला. मार्च २०२४ मध्ये डेबियनच्या बग नोंदीतही एका अनोळखी नावाने ५.६.१ आवृत्ती लवकर घ्या अशी विनंती टाकली, आणि तितक्याच अनोळखी नावांनी तिला दुजोरा दिला. ती नोंद आजही कोणालाही वाचता येते. जगातल्या असंख्य सर्व्हरवर असलेल्या लायब्ररीला एक थकलेला माणूस आणि त्याच्या मदतीला धावून आलेला एक चोर, एवढेच दोघे होते. तिथे कुठल्याही महाविद्यालयातली चार प्रामाणिक मुलं वर्षभर असती, तर त्या माणसाचा भार किती हलका झाला असता, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पॅकेज सांभाळण्यात किती जबाबदारी असते हे कळायला मात्र २००८ कडे जावं लागतं. २००६ मध्ये ओपनएसएसएल या, संदेश सांकेतिक करणाऱ्या लायब्ररीच्या कोडवर व्हालग्राइंड इशारे देत होतं. त्याबद्दल डेबियनकडे बग नोंदवला गेला, आणि इशारे थांबावेत म्हणून यादृच्छिक संख्या बनवण्याच्या भागातल्या मोजक्या ओळी काढण्यात आल्या. अपस्ट्रीमच्या ई-मेल यादीवर त्याबद्दल विचारलंही होतं, पण प्रश्नात पूर्ण संदर्भ नव्हता आणि उत्तर त्रोटक मिळालं. परिणाम असा की पुढची दीड-दोन वर्षं डेबियन आणि उबुंटूवर बनलेल्या सुरक्षेच्या किल्ल्या फक्त प्रोसेस क्रमांकावर, म्हणजे चालू प्रोग्रॅमला मिळणाऱ्या क्रमांकावर, ठरत राहिल्या. प्रत्येक प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता. १३ मे २००८ रोजी लुचियानो बेलोने शोधलेली ही चूक जाहीर झाली आणि जगभरातल्या ॲडमिननी किल्ल्या बदलल्या. दोन्ही वेळा तेच साधन बोललं. २०२४ मध्ये ऐकणाऱ्याने इशारा का येतो आहे हे मुळापर्यंत शोधलं, २००६ मध्ये इशाराच गप्प केला गेला. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पेपरमधल्या ‘मेंटेनन्स’च्या प्रकरणाला याहून बोलकी केस स्टडी मला माहीत नाही.

रोजचं काम एवढं नाट्यमय नसतं. कंपायलरची नवी आवृत्ती आली की काही पॅकेजेस बिल्ड, म्हणजे कोडमधून तयार, होईनाशी होतात, त्यांना पॅच लागतो. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, त्यानंतर कितीतरी जुनी साधनं पायथन ३ वर आणावी लागली आणि ज्यांना कोणी हात लावला नाही ती काढून टाकावी लागली. १९ जानेवारी २०३८ ला ३२ बिटांत सेकंद मोजणाऱ्या घड्याळाची जागा संपणार आहे, म्हणून २०२४ मध्ये डेबियनने ३२ बिटांच्या आर्म प्रोसेसरसाठी शेकडो पॅकेजेस एकत्र बदलली. परवान्यांची फाइल तपासायची, अपस्ट्रीमची नवी आवृत्ती आली की घ्यायची, स्वयंचलित चाचणी लिहायची, फ्रीझ, म्हणजे नव्या आवृत्तीआधीची बदलबंदी, लागण्याआधी बग निस्तरायचे. हे सगळं चार जणांच्या गटाला झेपणारं आहे. विद्यार्थ्याला थेट अपलोडचा अधिकार नसतो, पण त्याचं काम तपासून आपल्या सहीने अपलोड करणारा प्रायोजक शोधण्याची रीत डेबियनमध्ये रुळलेली आहे.

आणि काही काम असं आहे की ते आपल्याशिवाय कोणी करूच शकत नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक जर्मनीत बसलेल्या मेंटेनरला दिसणार नाही. एखाद्या प्रोग्रॅममध्ये ‘ऱ्य’ तुटला, तर त्याला ते चुकलं आहे हेही कळणार नाही. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी, त्यासाठी लोहित फॉन्टची मराठीसाठी वेगळी आवृत्ती आहे, आणि लोहितवर बरंचसं काम पुण्यात झालेलं आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. पण जुन्या मजकुरात आणि काही कीबोर्डांवर तेच अक्षर अ आणि चंद्र जोडून लिहिलं जातं, त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेलं ‘ॲप’ दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर सापडत नाही. ॲस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाचा मराठी शब्दसंग्रह डेबियनमध्ये आहे. त्याला रोजचं वर्तमानपत्र वाचायला द्या आणि विभक्ती लागलेले किती शब्द तो चूक ठरवतो ते मोजा. एका गटाला वर्षभर पुरेल एवढं काम निघेल, आणि त्याचा फायदा मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला होईल. मल्याळममध्ये स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग या स्वयंसेवी समूहाने असं काम वर्षानुवर्षं केलं, त्यांचे फॉन्ट डेबियनमध्ये आहेत. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये डेबियनची वार्षिक जागतिक परिषद भारतात प्रथमच आली, तीही केरळमध्येच, कोचीला.

आता माझी भीतीही सांगतो. हा प्रकार मान्य झाला आणि त्याला आकड्यांचं बंधन घातलं, ‘प्रत्येकी दहा बग रिपोर्ट सक्तीचे’ अशी सूचना निघाली, तर फायद्याऐवजी मोठं नुकसान होईल. २०२० च्या हॅक्टोबरफेस्ट या ऑनलाइन उपक्रमात मुक्त प्रकल्पांना चार बदल पाठवले की टी-शर्ट मिळत होता. लोकांनी इतके निरर्थक बदल पाठवले की मेंटेनर हैराण झाले आणि आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलावे लागले. २०२४ च्या सुरुवातीला एक्स्प्रेस या वेब-सॉफ्टवेअर प्रकल्पावर, त्याची ओळख देणाऱ्या रीडमी फाइलमध्ये स्वतःचं नाव घालणाऱ्या बदलांचा पूर आला, त्यात आपल्या देशातली मुलं पुष्कळ होती. आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेल्या खोट्या रिपोर्टची भर पडली आहे. कर्ल या इंटरनेटवरून डेटा आणण्याच्या साधनाचा निर्माता डॅनियल स्टेनबर्ग याने त्याबद्दल वारंवार उघडपणे तक्रार केली आहे. असा रिपोर्ट खोटा आहे हे ठरवायलाही मेंटेनरचा तास-दोन तास जातोच, आणि तो त्याच्या संध्याकाळचा असतो. आपली मुलं त्या माणसांच्या डोक्यावर बसवायची नाहीत, एवढी खबरदारी तुम्हालाच घ्यावी लागेल.

म्हणून मोजू नका, वाचा. गटाने वर्षभरात तीनच बग हाताळले असतील, पण त्यांतल्या प्रत्येकाचं मूळ शोधलं असेल, तर ते उत्तम काम आहे. मेंटेनरने ‘हे दुरुस्त करणार नाही’ असं सकारण कळवलं आणि विद्यार्थ्यांना ते कारण तोंडी परीक्षेत समजावून सांगता आलं, तर गुण कापू नका. नवा रिपोर्ट पाठवण्याआधी गटाने जुने, कोणी न पाहिलेले रिपोर्ट तपासावेत: हा बग आजही येतो का, आणखी काय माहिती हवी, दोन रिपोर्ट एकाच बगचे आहेत का. मेंटेनरला सगळ्यात जास्त मदत याचीच होते. एका महाविद्यालयातून एका पॅकेजवर एकच गट असावा. आणि पहिला मेल जाण्याआधी गाईडने तो वाचावा, मग भाषा कितीही साधी असली तरी चालेल.

मूल्यमापनाची काळजी करू नका, या कामात ते उलट सोपं आहे. प्रत्येक मेलवर तारीख आहे, प्रत्येक बदलाची नोंद पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये आहे. कोणी काय केलं, कोणाला उत्तर मिळालं, कोणी पाठपुरावा सोडला, हे एक्स्टर्नलला परीक्षेच्या आदल्या रात्री घरी बसून वाचता येतं. विकत घेतलेला प्रोजेक्ट इथे खपणार नाही.

विद्यापीठाची परवानगी हा खरा प्रश्न आहे, याची मला कल्पना आहे. पण स्वायत्त महाविद्यालयं आपला अभ्यासक्रम आपण ठरवतात. नव्या शैक्षणिक धोरणाने इंटर्नशिप, फील्ड प्रोजेक्ट आणि समाजोपयोगी कामाला श्रेयांक दिले आहेत, त्या चौकटीत हे काम चपखल बसतं. संलग्न महाविद्यालयांनी निदान एका गटाला यंदा ‘मुक्त सॉफ्टवेअरची देखभाल’ असा विषय मंजूर करून पाहावा. अभ्यास मंडळावर तुमच्यापैकी जे आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीत हा मुद्दा मांडावा. गाईडला स्वतःला डेबियनचं पॅकेजिंग येत नसेल तर अडत नाही. मुलांसोबत शिकता येतं, शिकवणारी कागदपत्रं मोफत आहेत, आणि पुण्या-मुंबईत हे काम जाणणारी माणसं आहेत.

त्यांतला एक म्हणून मी स्वतः यायला तयार आहे. प्रोजेक्टचे विषय ठरण्याच्या दिवसांत एखाद्या शनिवारी बोलवा, प्रवासखर्च किंवा मानधन नको. आपण वाली नसलेल्या पॅकेजेसची यादी मुलांसमोर उघडू, त्यांना रस वाटेल ते एक निवडू आणि तिथल्या तिथे बिल्ड करून पाहू. दुपारपर्यंत पहिला बग हाती लागलेला असेल.

आपला,
डेबियनच्या कामाला हातभार लावणारा पुण्याचा एक इंजिनिअर